एकतीस नंबरचं कडं

बुधवारी सकाळी साडेआठला ताई आली, तेव्हा काका प्रयोगशाळेच्या पायरीवर बसले होते. मांडीवर एक खाकी पाकीट, आणि त्यावर दोन्ही हात गच्च दाबून धरलेले.

काका म्हणजे पिंजऱ्यांचे काका. गिधाडांच्या या केंद्रात त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. इमारत नंतर आली, साहेबलोक नंतर आले, काका आधीपासून. एवढ्या वर्षांत कामाच्या वेळेत ते बसलेले कुणी पाहिले नव्हते.

"काय झालं, काका?"

"शहाणा गेला." त्यांनी पाकीट पुढे केलं. "एकतीस नंबर. माझ्या हातून गेला, ताई."

पाकिटात निळं प्लास्टिकचं कडं होतं. त्यावर ३१. केंद्रातला पक्षी मेला की त्याच्या पायातलं कडं ताईकडे जमा करायचं, असा नियम होता. असली नऊ कडी तिच्या कपाटात होती. हे दहावं.

"नीट सांगा. कधी झालं?"

"काल. सोमवारी संध्याकाळी मी त्याला खायला घातलं. पायाला जखम म्हणून सातव्या पिंजऱ्यात एकटा ठेवला होता ना? घातलं, बाहेर आलो, कडी लावली." काका थांबले. "म्हणजे, लावली असणार. काल दुपारी डॉक्टरांनी पाहिलं तर दार सताड उघडं. आत कुणी नाही. तेवढ्यात गेटवर कुणीतरी मेलेलं गिधाड आणून दिलं. रस्त्याच्या तारेवर आपटलेलं. पायात हे."

"मंगळवारी सकाळी दार दिसलं नाही तुम्हाला?"

"मंगळवारी त्यांना खायला नसतं. मी मोठ्या पिंजऱ्यात झाडत होतो. सातकडे फिरकलोच नाही."

"मेलेला पक्षी पाहिलात?"

"डॉक्टर म्हणाले, काका, बघू नका, उगाच जीवाला लागेल. सगळं त्यांनीच केलं. कापलं, तपासलं, जाळलं. देवमाणूस आहे." काकांनी तळहात पँटवर पुसले. "मला ओरडा, कामावरून काढा, काही म्हणणं नाही माझं. पण कडी लावल्याचं मला आठवतच नाही, ताई. हात आठवतो, कडी आठवत नाही. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी कडी विसरायची, मग चूल, मग आम्ही. शेवटी मला विचारायची, तुम्ही कुणाचे म्हणून."

ताईने कडं पाकिटात परत ठेवलं.

"आणि आज सकाळी मोठ्या पिंजऱ्यात मोजले. तेरा आहेत ना? चौदा आले. पुन्हा मोजले, पुन्हा चौदा. एक आपला कोपऱ्यात बसलेला, खाली उतरतच नाही, तो दोनदा मोजला जात असेल. आता आकडेही गेले म्हणायचे." ते हसले. त्या हसण्याकडे बघवत नव्हतं.

वाईट वाटायला हवं, हे ताईला कळत होतं. वाटलं नाही. तेरा महिन्यांपूर्वी तिचा दादा हॉस्पिटलात वारला, आणि तेव्हापासून तिच्या आत कुणीतरी भूल दिल्यासारखं झालं होतं. सुई टोचलेली कळायची, दुखायचं नाही. वहिनी म्हणायची, तू दगड झालीयेस गं. दगड तर दगड. दगडाचं काम चोख चालतं.

"घरी जा, काका. दुपारी या," ती म्हणाली, आणि कडं घेऊन आत गेली.

आता तिचं काम काय, ते सांगायला हवं. गिधाडांत नर आणि मादी दिसायला अगदी सारखे. अनुभवी माणूसही फसतो. त्यात पक्षी उरलेत मोजके, म्हणजे चुकून भाऊ-बहिणीची जोडी लावली की पुढची पिढी कमकुवत. म्हणून ताई प्रत्येक पक्ष्याच्या रक्ताचा थेंब घ्यायची आणि त्यातल्या बारा ठिकाणच्या खुणा वाचायची. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. शिवाय एक खूण नर की मादी ते सांगणारी. असे चोवीस आकडे जमले की त्या पक्ष्याची ओळख पक्की. कडं बदलता येतं, हे आकडे बदलता येत नाहीत.

दहा वाजता मॅडमचं बोलावणं आलं. मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख. टेबलावर सोमवारच्या कार्यक्रमाच्या पत्रिका पडल्या होत्या. मोठ्या पिंजऱ्यातली आठ गिधाडं सोमवारी दरीच्या बाजूला मोकळी सोडायची होती. सहा वर्षांची मेहनत, आणि बघायला बाहेरून पाहुणे.

"एकतीसची फाईल आजच बंद करा," मॅडम म्हणाल्या. "सोमवारच्या आत मला हे प्रकरण नको आहे."

"काकांचं काय?"

"काकांना घरी बसवावं लागेल. आज एक गेला, उद्या अख्खा पिंजरा उघडा टाकतील." त्यांनी मान वर केली नाही. "मलाही बरं वाटत नाही. पण ते विसरायला लागलेत, हे आता सगळ्यांना दिसतंय."

"सातच्या पिंजऱ्याची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"किल्ली कसली? नुसती कडी आहे. काका, डॉक्टर, मी, कुणीही उघडेल. का?"

"फॉर्मवर रकाना आहे," ताई म्हणाली. असा रकाना नव्हता.

डॉक्टरांचा अहवाल तिने तिथेच उभ्याने वाचला. चार ओळींचा. 'पक्षी क्र. ३१. नर, प्रजननाचे अवयव सामान्य. मानेचे हाड मोडलेले, मृत्यू आघाताने. संसर्गाचा धोका नको म्हणून त्याच दिवशी दहन. ऊतीचा नमुना घेतला होता, नळी फुटल्याने वाया.' खाली लफ्फेदार सही.

डॉक्टर दवाखान्यात सुया उकळत होते. चाळिशीचा माणूस, हसरा, कुणाच्याही कामाला धावणारा. संध्याकाळी आसपासच्या वस्तीत जाऊन गुरंही तपासायचे, पुष्कळदा फुकट.

"या ताई. काका कसे आहेत?"

"पायरीवर बसले होते. घरी पाठवलंय."

"अरेरे." डॉक्टरांचा चेहरा खरोखर पडला. "मी मॅडमना सांगितलंय, त्यांना काढू नका. हलकं काहीतरी काम द्या, झाडांना पाणी वगैरे. माणूस विसरतो हो. त्यात गुन्हा काय?"

"पक्षी आणून कुणी दिला?"

"गेटवर आला होता. मी नेमका तिथे होतो."

"कितीला?"

"साडेबारा असतील. सगळे जेवायला गेले होते."

"एकतीसच होता, हे कसं ओळखलंत?"

डॉक्टर हसले. "कड्यावरून. दुसरं काय असतं ओळखायला? शिवाय उघडून पाहिलं तर नर. पिंजऱ्यावरच्या कार्डातही नरच. वयही जुळतं."

"नमुना फुटला म्हणे."

"हातातून निसटली नळी. माझंही लक्ष ठिकाणावर नव्हतं. आपल्या हातांनी मलमपट्टी केलेला पक्षी, ताई."

ताई परत आली. फाईल बंद करायची म्हणजे त्या पक्ष्याच्या पानावर 'मृत' लिहायचं आणि फाईल खालच्या खणात टाकायची. तिने एकतीसचं पान काढलं. पानामागे एक लिफाफा निघाला. वर तिचंच अक्षर, 'मॅडम यांस, कार्ड दुरुस्तीसाठी'. चिकटवलेला, पाठवायचा राहिलेला.

तारीख तेरा महिन्यांपूर्वीची होती. दादा गेला त्या आठवड्यातली.

त्या आठवड्यातलं तिला काहीच आठवत नव्हतं. पत्र लिहिल्याचं नाही, लिफाफा चिकटवल्याचं नाही, वहिनीने फोनवर काय सांगितलं तेही नाही. तिने लिफाफा फोडला. आत एका ओळीचं पत्र होतं.

'क्र. ३१ च्या कार्डावर अंदाजाने नर लिहिले आहे. रक्ततपासणीनुसार क्र. ३१ मादी आहे. कृपया दुरुस्ती करावी.'

तिने पत्र दोनदा वाचलं. मग पानावर 'मृत' न लिहिता पेनाला टोपण लावलं. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते काकांच्या डोक्यात नव्हतं.

गेटवरच्या माणसाला सगळे हवालदार म्हणत, कारण त्याला मिशा होत्या. पोलिसांशी त्याचा एरवी काही संबंध नव्हता.

"काल मेलेलं गिधाड कुणी आणलं, हवालदार?"

"दूधवाली. पलीकडच्या वस्तीतली. पोत्यात घालून आणलं बाईने. मी म्हटलं, ठेव इथेच, आत घाण नको. डॉक्टर आले आणि घेऊन गेले."

"पायात कडं होतं?"

"पोतं कोण उघडतंय? चोच तेवढी बाहेर होती. वास येत होता."

"ती काय म्हणाली?"

"तिची आपली टकळी चालूच असते. म्हणे तीन दिवस गोठ्यामागच्या झाडावर मान खाली टाकून बसलं होतं बिचारं. हाकललं तरी उडेना. काल सकाळी धप्पकन पडलं. म्हटलं, बाई, एवढी दया आलीय तर दूध जरा घट्ट देत जा."

"तीन दिवस? नक्की?"

"शनिवारपासून, म्हणाली. शनिवारी तिचा हिशोब असतो, म्हणून लक्षात."

"तू हे कुणाला बोललास?"

"कुणी विचारलं तर बोलणार ना? इथे गेटवाल्याला विचारतंय कोण!"

येताना ताई दवाखान्यात डोकावली. डॉक्टर नव्हते. उपचारांची वही खिडकीशी उघडी पडली होती. शेवटून दुसरी नोंद सोमवारची, संध्याकाळी सव्वासहाची. 'क्र. ३१, उजवा पाय, पट्टी बदलली. जखम भरत आहे.' सही तीच, लफ्फेदार.

दुपारी तिने कडं भिंगाखाली धरलं. आतल्या बाजूला विष्ठेचा जुना पांढरा थर, चार वर्षं साचलेला. गिधाडं उन्हात स्वतःच्याच पायांवर शिटतात, पाय गार ठेवायला. म्हणून सगळ्यांचे पाय चुना फासल्यासारखे, आणि कड्यांवरचे आकडे धुतल्याशिवाय वाचता येत नाहीत. एकतीसचं कडं मात्र वरून पुसलेलं होतं. आणि जिथे ते उघडतं त्या सांध्यात तपकिरी रेघ होती. रक्त. ते जुनं दिसत नव्हतं.

तिने थर वेगळा खरवडला, रक्त वेगळं. दोन नळ्या झाल्या.

चार वाजता काका आले. केस विंचरून आले होते, निरोप घ्यायला आल्यासारखे.

"काका, एक काम आहे. मोठ्या पिंजऱ्यातली गळालेली पिसं आणून द्या. ताजी, देठ ओला असलेली. आणि कोपऱ्यातला तो बसलाय ना, त्याच्या खालची वेगळ्या पिशवीत."

"कशाला?"

"मोजायला."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "माझी थट्टा नका करू, ताई."

"मी थट्टा करते का कधी?"

ते खरं होतं. काका पिसं घेऊन आले.

पिसाच्या देठाच्या टोकाला पक्ष्याचा कणभर अंश राहतो, तेवढ्यावर भागतं. गुरुवारी ताईने त्यातून नमुने काढले. शुक्रवारी दिवसभर मशीन घुमत राहिलं. मध्ये मॅडमने दोनदा फाईल मागितली, दोनदा तिने उद्यावर ढकलली. शुक्रवारी संध्याकाळी आकडे आले. तिने ते जुन्या आकड्यांशेजारी ठेवले, एकेक ओळ बोट लावून ताडली, आणि मॅडमना फोन केला. उद्या दहाला काका, डॉक्टर आणि हवालदार, तिघांना बोलवा, म्हणाली.

शनिवारी मॅडमच्या खोलीत पंखा फिरत होता. काका दाराजवळच्या स्टुलावर टेकले होते. डॉक्टर येताना त्यांच्यासाठी चहा घेऊन आले होते, काकांनी तो हातातच धरला होता. हवालदार दारात उभा, गेट सोडून आल्यामुळे अस्वस्थ.

"लवकर आटपा," मॅडम म्हणाल्या. "एकतीस मेला, वाईट झालं. त्यात चार माणसं कशाला?"

"एकतीस मेला नाही," ताई म्हणाली.

मॅडमने पेन खाली ठेवलं.

"काय बोलताय?"

"डॉक्टर, तुम्ही पक्षी उघडून पाहिलात. काय होता?"

"नर. अहवालात आहे."

"तुमची खात्री आहे?"

"ताई, एवढं तर मला कळतं."

"कळतंच. तुमचं बरोबर आहे, तो नरच होता. पण एकतीस मादी आहे." तिने पत्र टेबलावर ठेवलं. "रक्ताचा रिपोर्ट तेरा महिन्यांपूर्वी आला होता. हे पत्र मी तेव्हाच लिहिलं, आणि पाठवायला विसरले. कार्डावर 'नर' तसंच राहिलं. चूक माझी. म्हणून ही गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती, कुणालाच ठाऊक नव्हती."

डॉक्टरांनी पत्राकडे पाहिलं. हात लावला नाही.

"रक्ताचे रिपोर्ट चुकतात," ते हळूच म्हणाले.

"चुकू शकतात. म्हणून कडं तपासलं. आतल्या जुन्या थरात एका मादीच्या खुणा, एकतीसच्या, चोवीसच्या चोवीस आकडे जुळले. सांध्यातल्या ताज्या रक्तात वेगळाच पक्षी. नर. आपल्या केंद्रातल्या एकाही पक्ष्याशी जुळत नाही. एका कड्यात दोन पक्षी, मॅडम. चार वर्षं एकीच्या पायात होतं, आणि थोडा वेळ दुसऱ्याच्या."

"म्हणजे मेला तो कोण?" मॅडमने विचारलं.

"रानातला. बाहेरचा. हवालदार, दूधवाली काय म्हणाली ते सांग."

हवालदाराने सांगितलं. शनिवारपासून तीन दिवस झाडावर, मान टाकून. या वेळी त्याने दुधाचं काढलं नाही.

"शनिवारपासून जो पक्षी झाडावर होता," ताई म्हणाली, "तो सोमवारी संध्याकाळी पिंजऱ्यात काकांच्या हातचं खाईल कसा? काकांना नीट आठवत नसेल, असं तुम्ही म्हणाल. ठीक. पण सोमवारी सव्वासहाला एकतीसची पट्टी बदलल्याची नोंद डॉक्टरांच्या वहीत आहे. डॉक्टरांच्या अक्षरात."

मॅडम डॉक्टरांकडे वळल्या. "तुम्ही बोलत का नाही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले.

"मग मीच सांगते," ताई म्हणाली. तिचा आवाज तारखा वाचून दाखवल्यासारखा सपाट होता. "मंगळवारी साडेबाराला पोतं आलं. सगळे जेवायला गेलेले. डॉक्टरांनी पक्षी उघडला आणि मरण कशाने आलं ते त्यांना दिसलं. तारेवर आपटलेला पक्षी तीन दिवस मान टाकून बसत नाही. गुरांना दुखण्यावर टोचायचं जे औषध बंद झालंय, ते टोचलेलं जनावर खाल्लं की पक्षी तसा बसतो. हवालदाराने पोतं पाहिलं होतं, दूधवालीने पाहिलं होतं, म्हणजे पक्षी गायब करून चालणार नव्हतं. रानातलं गिधाड इथे विषाने मेलं म्हटलं की चौकशी आली, आणि वस्तीतली गुरं तपासणारा डॉक्टर एकच. आपलंच गिधाड पळालं आणि तारेवर आपटलं म्हटलं की फक्त एक कडी उघडी राहिलेली पुरते. म्हणून त्यांनी कार्डं पाहिली. त्याच वयाचा नर, एकटा ठेवलेला, ज्याच्या जवळ जायला त्यांना कुणी अडवणार नाही. एकतीस. कडं काढून मेलेल्याच्या पायात घातलं. सांध्यात कातडी चिमटली, रक्त लागलं. दुपारी काकांना दाखवायला ते वरून पुसलं."

"आणि जिवंत एकतीस?" मॅडमने विचारलं.

"काकांना विचारा."

काकांनी मान वर केली.

"काका, मोठ्या पिंजऱ्यात किती आहेत?"

"तेरा." मग अगदी हळू. "तेरा असायला हवेत."

"मी किती असायला हवेत विचारलं नाही. तुम्ही मोजले तेव्हा किती आले?"

"चौदा."

"कोपऱ्यातल्या पक्ष्याखालची पिसं एकतीसची आहेत. पाय दुखतोय म्हणून ती खाली उतरत नाही. तिथे सगळ्यांचे पाय पांढरे, कडं आहे की नाही तेही दिसत नाही. चौदावी कुणाच्या लक्षात येणार? रोज मोजणारा एकच माणूस. आणि त्याच्या मोजण्यावर कुणी विश्वास ठेवू नये याची सोय डॉक्टरांनी मंगळवारीच करून ठेवली होती. दार उघडं नव्हतंच, काका. तुम्ही कडी लावली होती."

चहा काकांच्या हातात तसाच गार झाला होता. हवालदाराने पुढे होऊन तो काढून घेतला.

"गाय होती," डॉक्टर म्हणाले. चष्मा अजून हातातच होता. "दूधवालीची. दोन दिवस ओरडत होती, पाय मोडलेली. रात्रंदिवस. बॅगेत दुसरं काही उरलं नव्हतं. एक जुनी बाटली होती, बंदीच्या आधीची. टाकून द्यायची राहिली होती. टोचलं. गाय शांत झाली आणि पहाटे मेली. मी म्हटलं होतं पुरा. त्यांनी नाही पुरली, ओढून नेऊन टाकली. माळावर."

"दरीच्या बाजूच्या?" मॅडमचा आवाज चिरकला. "सोमवारी आपण आठ पक्षी तिथेच सोडणार होतो!"

"एकच गाय होती. आता संपलं असेल तिथलं. मी शपथेवर..."

"किती गिधाडांनी खाल्ली ती गाय?"

डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमने पत्रिकांचा गठ्ठा उचलला, आणि कचऱ्याच्या टोपलीकडे न टाकता तसाच धरून बसल्या.

"जो मेला," ताई म्हणाली, "त्याच्या खुणा आपल्या कुठल्याच पक्ष्यात नाहीत. वेगळ्याच घराण्याचा होता. असं रक्त आपण सहा वर्षं शोधतोय."

डॉक्टर काकांकडे वळले. "काका, तुम्हाला त्रास व्हावा असं मनात नव्हतं माझ्या. खरंच नव्हतं. मी मॅडमना सांगितलंही होतं, काढू नका म्हणून. मला वाटलं, वय झालंय, एखादी कडी विसरले म्हणून कुणी काय बोलणार?"

काका स्टुलावरून उठले.

"शहाण्याला हळू धरलं होतंत ना?" त्यांनी विचारलं. "पाय दुखरा आहे."

डॉक्टर खाली बघून रडायला लागले. मॅडमने फोन उचलला, आधी सोमवारचा कार्यक्रम रद्द करायला, मग वरच्या कार्यालयाला.

संध्याकाळी ताई आणि काका मोठ्या पिंजऱ्यात गेले. एकतीस कोपऱ्यातच होती. काकांनी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि काखेत धरलं. तिने चोच उघडून त्यांची बाही ओढली, मग सोडली.

"शहाणी आहेस," काका म्हणाले. "चार वर्षं मला फसवलंस."

सातव्या पिंजऱ्यात तिला ठेवून ते बाहेर आले. काकांनी कडी लावली. दोन पावलं गेले, थांबले, मागे आले आणि कडी ओढून पाहिली. पुन्हा चार पावलं, पुन्हा मागे.

"लागलीय, काका."

"हो." ते तिथेच उभे राहिले. "मी विसरलो नव्हतो, हे पटलं मला. डोक्याला पटलं. पण हात काही ऐकत नाही, ताई. चार रात्री मी आईसारखा होऊन झोपलो. आता उद्या खरंच एखादी गोष्ट विसरलो, तर ती खरी की कुणी सांगितलेली, हे कसं कळायचं?"

ताईने उत्तर आत शोधलं, तिथे नेहमीचंच होतं, भूल दिलेलं.

"या जागेत एकच माणूस विसरला," ती म्हणाली. "ती मी. पत्र लिहिलं, चिकटवलं, खणात टाकलं. दादाला शेवटचा फोन केला होता का नाही, तेही मला आठवत नाही, काका. वहिनीला विचारायचं धाडस होत नाही."

हे तिने तेरा महिन्यांत कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितल्यावरही काही झालं नाही.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग कडीकडे.

"तुम्ही बघा," ते म्हणाले. "मी बघितलं तर मला खरं वाटत नाही. तुम्ही बघून सांगा."

ताई पुढे झाली. कडी धरली, ओढली, पुन्हा ओढली. लोखंड गार होतं.

"बंद आहे, काका."

"बरं," काका म्हणाले, आणि या वेळी मागे न वळता फाटकाकडे चालू लागले. ताई कडीवर हात ठेवून काही वेळ तिथेच उभी राहिली. मग तिने फोन काढला आणि वहिनीचा नंबर लावला.